टाइस्ताच्या फळ्या

हे तुम्ही मानणार नाही. मानू नकाच. मी स्वतः तिथं गुडघ्यांवर बसलो होतो, हातात पाणसळ होती, शुद्धीवर होतो, आणि तरी अजून सकाळी दाढी करताना आरशातल्याला विचारतो, "तोर्लाइफ, म्हाताऱ्या, झालं का रे ते खरंच?" तो म्हणतो, झालं. आता तो माझ्याहून थापाड्या निघाला, तर माझा इलाज नाही.

आणि साक्षीदार हवा असेल तर ती बघा, खिडकीपाशी बसलीये, मोजा विणतेय. सूलब्यर्ग. घर तिचं, न्हाणीघर तिचं, बोट तिच्या बापाची. मी वाकडं बोललो तर ती विणायची सुई माझ्या मांडीत खुपसेल. ती गप्प राहिली, तर समजा खरं. घ्या, कॉफी ओतून घ्या. दुकान काही इतक्यात बंद होत नाही.

तर मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर सूलब्यर्ग तिच्या न्हाणीघरात घसरली. जुनं लिनोलियम, त्याखाली फळ्या, फळ्यांखाली मोकळी पोकळी आणि पोकळीत थेट समुद्रावरनं आलेला वारा. जमीन एवढी गार, की सांडलेलं पाणी पुसायला फडकं आणेपर्यंत त्याचा बर्फ. हाड मोडलं नाही, पण बातमी पालिकेपर्यंत गेली आणि विबेके आली. म्हाताऱ्यांची घरं तपासायला येते ती. पोरगी चांगली आहे, पण आवाज इतका गोड, की तुमचं घर काढून घेतानाही वाटावं, बक्षीस देतेय.

"सूलब्यर्ग, खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक छान खोली रिकामी होतेय."

"छान म्हणजे? खिडकीतून काय दिसतं?"

"अं… पार्किंग."

"मग गाड्यांना ठेवा तिथं."

विबेके हसली, पण हटली नाही. म्हणाली, न्हाणीघराची जमीन गरम हवी, कोरडी हवी, चालताना धरायची चाकांची काठी न अडखळता फिरली पाहिजे. "मी सूर्य परत येतो त्या दिवशी येईन. तोवर झालं तर ठीक. नाहीतर तुम्हाला मी इथं एकटीला ठेवू शकत नाही, मनात असलं तरी."

म्हणजे आमचा सगळा काळोखाचा ऋतू, सूर्य उगवतच नाही तो, हातात, आणि शेवटी एकतर स्वतःचं घर, नाहीतर पार्किंग.

सूलब्यर्गनं मला फोन केला. "तोर्लाइफ, खालून गरम होणाऱ्या टाइल बसव."

"बसवतो की. आधी त्या जुनाट फळ्या उखडतो—"

"फळीला हात लावलास तर तुझी बोटं कापून समुद्रपक्ष्यांना घालीन."

आता फळ्यांचं काय ते ऐका. सूलब्यर्गच्या बापाची, इंग्वाल्डची, एक बोट होती. नाव टाइस्ता. टाइस्ता म्हणजे तो काळा, लाल पायांचा पक्षी, धक्क्यावर बसतो ना, तोच. बोट म्हातारी झाली तेव्हा इंग्वाल्डला ती जाळवेना आणि बुडववेना. त्यानं तिचा डेक सोडवला आणि फळी न् फळी त्या खोलीत अंथरली. नाळेकडची, म्हणजे पुढची, टोकं खाडीकडे, मागची डोंगराकडे, जशी ती धक्क्याला लागायची अगदी तशी. पुढे त्या खोलीचं न्हाणीघर झालं.

आमच्या धंद्यात एक बोलायची पद्धत आहे. सुतार म्हणतो, "लाकूड जिवंत असतं." म्हणजे उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आक्रसतं, पाय पडला की लवतं. आणि टाइल? टाइल म्हणजे हट्टी बाई. वाकणार नाही; मोडेल. म्हणून लाकडावर टाइल बसवायची तर सगळी कला एवढीच, की खालच्याला हलू द्यायचं आणि वरच्याला कळू द्यायचं नाही. आधी तुळया ताठ करायच्या. मग फळी न् फळी घट्ट आवळायची. भिंतीपाशी चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायची, लाकडाला श्वास घ्यायला. मग पुढचे थर. मी आयुष्यभर "लाकूड जिवंत असतं" असं म्हणत आलोय. शब्दशः कधी घेतलं नव्हतं.

माझ्याबरोबर आमुंद होता, आपला वायरमन. कामाच्या पहिल्याच सकाळी मी नेहमीप्रमाणे कानातली दोन्ही यंत्रं काढून सूलब्यर्गच्या साखरेच्या वाडग्यात ठेवली. सिमेंटची धूळ आणि ड्रिलचा कर्कशपणा त्यांना सोसत नाही. त्या घरात काम करताना माझे कान कायम साखरेतच. आमुंदचं काय, तो एरवीही ओरडूनच बोलतो. लिनोलियम सोलून काढलं. खाली फळ्या. काय लाकूड होतं, बाबांनो! मधासारखं. मिठानं आणि माशाच्या तेलानं मुरलेलं. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे. लिहून घेतलं, जेवायला गेलो. परत येऊन बघतो, तर बुडबुडा उजवीकडे.

"तुझी पाणसळ प्यायलीये," आमुंद ओरडला.

मी दुसरी आणली. तीही तशीच. मग मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्क्याकडे बघितलं. सकाळी ओहोटी होती. आता भरती लागली होती. बुडबुडा पाण्याबरोबर चालला होता. खाडी चढली की खोलीचं नाक चढायचं, खाडी उतरली की उतरायचं. हळू. इतकं हळू, की पायाला कळू नये. मी परत येऊन बसलो आणि भरती पुरी होईतो तो बुडबुडा बघत राहिलो. आमुंदही बसला. घरात वारा नाही, हादरा नाही, आणि त्या मेलेल्या बोटीच्या फळ्या समुद्राबरोबर श्वास घेत होत्या.

"सूलब्यर्ग," मी शेवटी म्हणालो, "तुझी जमीन तरंगतेय."

"मग?" ती दारातून ओरडली. "बोट आहे ती. बुडायला हवी होती का?"

आता तरंगत्या जमिनीवर टाइल कशी लावणार? पहिल्या भरतीला तडे. मी पोटावर सरपटत घराखाली शिरलो, तुळयांच्या मधे आडवे ठोकळे कचकचून बसवले, जिथं तुळई खंगली होती तिथं शेजारी नवी जोडली. वरून प्रत्येक फळी प्रत्येक तुळईला स्क्रूनं आवळली. त्यावर जाड प्लायवूड, सांध्यावर सांधा येऊ न देता, गोंद आणि स्क्रू दोन्ही. त्यावर चढून मी उड्या मारल्या. आमुंदनं मारल्या, आणि आमुंद म्हणजे लहानसा देवमासा. ठणठणीत! फक्त बुडबुडा अजून जरासा डोलत होता, झोपेतल्या माणसाच्या छातीसारखा.

"एवढं चालेल?" आमुंदनं विचारलं.

"चालवून घेऊ."

मग प्लायवूडला चिकट रंग मारला आणि आमुंदनं वायर अंथरायला घेतली. गरम होणारी वायर असते ती, नागमोडी लावायची, एकीवर एक येऊ द्यायची नाही, कमोडखाली न्यायची नाही. तो दारापासून निघाला, भिंतीभिंतीनं पूर्ण वळसा घातला, वळशाच्या आत वळसा, आत वळसा. सुंदर काम. आम्ही हात झटकले आणि स्वयंपाकघरात कॉफीला बसलो.

कॉफी कपातून सांडली. आपोआप. एका बाजूला.

आम्ही धावलो. आणि बघतो तर न्हाणीघरात स्क्रू बाहेर येत होते. मी खोटं बोलत असेन तर ती सुई तयार आहे. एकेक स्क्रू स्वतःभोवती गरगर फिरत मान वर काढत होता, पावसानंतर गांडुळं येतात तसा. एक फिरून फिरून पूर्ण बाहेर आला आणि आमुंदच्या पायाशी आडवा झाला. आमुंदनं तो पुन्हा आवळला. स्क्रूनं पुन्हा मान वर काढली.

मग खिडकी. न्हाणीघराच्या त्या वीतभर खिडकीतून कायम या दुकानाचा दिवा दिसायचा. आता तिथं चर्चचा दिवा होता. मग तोही सरकला. धक्क्याचा दिवा आला, लाल, आणि तोही गेला. मग काहीच नाही. काळोख, आणि काळोखात पांढऱ्या लाटा. खुला समुद्र. घर वळत होतं, बाबांनो! पायाच्या दगडांवर, आवाज न करता, जशी बोट नांगर उचलल्यावर वळते. विजेची तार घराला गुंडाळत चालली होती; तिचे ओरखडे उत्तरेकडच्या भिंतीवर अजून आहेत, जाऊन बघा.

मी आयुष्यात दोनदा चर्चमध्ये मनापासून गेलोय. पण डोक्यावरची टोपी काढावी असं मला कुठं वाटलं असेल, तर त्या न्हाणीघरात. भीती नव्हती ती. भीती असती तर पळालो असतो. एवढं मोठं काहीतरी हळूच कूस बदलतंय आणि आपण त्याच्या पोटात उभे आहोत, तेव्हा माणूस पळत नाही. श्वास धरतो.

सूलब्यर्ग दारात आली, हातात कॉफीची किटली. तिनं खिडकीतला समुद्र बघितला. मग खाली वायरकडे बघितलं.

"कुणी उलटी वळवली तिला?"

"कुणाला?" मी.

"टाइस्ताला! अरे सुक्या कॉड माशाच्या मुंडक्यांनो, कुठल्या बाजूनं वळसा घातलात तो?"

आम्ही वायरकडे बघितलं. आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. बोट पाण्यात ढकलली, की तिचं पहिलं वळण सूर्याच्या वाटेनं. उलटं कधीच नाही. आमुंदचा बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, पणजा समुद्रातच राहिला. आणि या दिवट्यानं बोटीच्या डेकवर सूर्याच्या उलट वळसा घातला होता, एक नाही, वळशाच्या आत वळसा! आणि स्क्रू उघडतो तो कुठल्या दिशेनं? त्याच. उलट्या. टाइस्ताला वाटलं, धक्का सोडा म्हणतायत.

"सूर्यच नाहीये इतके दिवस," आमुंद रडकुंडीला आला. "माणसानं लक्षात तरी कसं ठेवायचं?"

"बडबडू नकोस. सोडव आणि सुलटी लाव."

सोडवली. आता सुलटी म्हणजे कुठली? मी म्हणालो, पूर्वेकडून दक्षिणेकडे. आमुंद म्हणाला, पूर्व कुठाय? आणि खरंच की, घरच फिरलेलं, आकाशात काळोख! मी एकीकडे बोट दाखवतोय, तो दुसरीकडे, आणि बाहेर समुद्र जवळ येतोय. सूलब्यर्गनं कपाळावर हात मारला. स्वयंपाकघरातून लाकडी पळी आणली, आमच्या दोघांच्या नाकासमोर धरली आणि हवेत गोल फिरवली.

"आई माशांचा रस्सा कशी ढवळायची? अशी. कधी उलटा ढवळलेला बघितलास? नाही ना? मग अशी लाव."

तिनं पळी फिरवत राहायची आणि आमुंदनं तिच्याकडे बघत वायर लावत जायची, अशी ती वायर लागली. आणि जसजसा वळसा पुरा होत गेला, तसतसे स्क्रू खाली उतरत गेले. कुणी हात लावला नाही. शेवटचा टोकाशी बसला तेव्हा मी बोट फिरवून बघितलं. लाकडाच्या जरा खालीच. खिडकीत धक्क्याचा लाल दिवा आला, मग चर्च, मग दुकान. घर जागेवर. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. भरती संपली, ओहोटी लागली, बुडबुडा मधोमध. इंग्वाल्ड गेल्यापासून पहिल्यांदा ती बोट धक्क्याला नीट लागली होती.

सूलब्यर्ग कमोडच्या झाकणावर बसली. पळी मांडीवर घेऊन बसून राहिली.

त्यानंतरचं काम साधं. वायरवर जाळी, जाळीवर ओतीव सिमेंट. ते दुधासारखं पसरतं आणि स्वतःच स्वतःला सपाट करतं. असं सपाट झालं, बाबांनो, की छतातला दिवा त्यात पडला तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार नव्हता. शॉवरच्या कोपऱ्यात हातानं उतार काढला. मग वाळू दिलं. आमुंदला घाई. "जरा गरम करूया, लवकर वाळेल." मी म्हणालो, खबरदार. ओल्या थराखाली आग लावली की तो भेगाळणारच. त्याच्या मनानं वाळू दे. विबेकेची तारीख जवळ येत होती, सूलब्यर्ग रोज दारातून बोटानं टोचून बघायची, मी रोज ओरडायचो. मग पाणी न शिरणारा लेप. मग टाइल, काळसर, टाइस्ताच्या पंखाच्या रंगाच्या. तिनंच निवडल्या. मग सांधे भरले, पुन्हा थांबलो.

आणि सूर्याचा दिवस उजाडला. उजाडला म्हणजे, उजाडणार होता. गावातली सगळी पोरं शाळा सोडून टेकडीवर, तुम्हीही बहुतेक तिथंच असणार, हातात जॅम भरलेले तळलेले सूर्यपाव घेऊन. मी मात्र उंबरठ्याची पट्टी कापत होतो, शेवटचं काम. काठीचं चाक अडखळू नये म्हणून ती घासून घासून टाइलच्या पातळीला आणत होतो. आमुंदनं सकाळीच पहिल्यांदा बटण फिरवलं होतं, अगदी हळू. जमीन अजून जेमतेम कोमट.

विबेके आली. बूट दारात काढले, आत आली, जमिनीकडे बघितलं, आणि मग मोजेसुद्धा काढले. अनवाणी उभी राहिली. सूलब्यर्ग तिच्यासमोर, काठी धरून, ओठ घट्ट. मी तिला आयुष्यभर ओळखतो. वादळात भाऊ हरवला तेव्हाही मी तिचे ओठ असे बघितले नव्हते.

तेवढ्यात डोंगराच्या खाचेत तो आला. सूर्य. एवढासा, लाल, नव्या नाण्यासारखा. खिडकीतून एक पट्टा आत आला, त्या काळ्या टाइलांवर पडला आणि नाळेपासून मागेपर्यंत हळूहळू सरकत गेला. सूर्याच्या वाटेनं. टाइल पेटल्यासारख्या झाल्या. विबेकेचे पाय सोनेरी झाले. तिला चार गोष्टी विचारायच्या होत्या, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्या चारही ती विसरली. ती तशीच खाली बसली, जमिनीवर, तळवे टेकून, लहान पोरीसारखी. मग म्हणाली, "सूलब्यर्ग, तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही."

आणि तेव्हा, बाबांनो, तेव्हा मी ते ऐकलं. खालून. ऊब वायरीतून खालीही उतरली होती, प्लायवूड ओलांडून फळ्यांपर्यंत पोचली होती, आणि फळ्या जाग्या झाल्या. अगदी बारीक आवाज. सुई पडल्यासारखा. टक-टक. टक-टक. मी पट्टी खाली ठेवली, श्वास रोखला आणि ऐकत राहिलो. जुन्या बोटीचं इंजिन! इंग्वाल्ड घरी यायचा तेव्हा खाडीवरून यायचा तोच आवाज, टक-टक, टक-टक, माझ्या या दोन कानांनी—

"खोटं!"

सूलब्यर्गनं विणकाम मांडीवर आपटलं. दुकानातल्या सगळ्या माना वळल्या.

"तुझ्या या दोन कानांनी? तुझे कान माझ्या साखरेत होते, तोर्लाइफ! सूर्यपावांवर साखर भुरभुरायला वाडगा उघडला, तर तुझं एक यंत्र पावावर पडलं. विबेके काय बोलली तेसुद्धा तू मला नंतर विचारलंस. काय म्हणाली गं, काय म्हणाली, असा मागं लागला होतास. तू काहीही ऐकलं नाहीस. ऐकलं मी. तुला सांगितलं मी."

"बरं, पण टक-टक तर—"

"आणि टक-टक नव्हतंच ते! तुला काय ठाऊक? आई खिडकीत बसून ओळखायची कुणाची बोट येतेय ते. प्रत्येक इंजिनाचा ठोका वेगळा." तिनं सुई उचलली आणि मेजावर हळू ठोके दिले, जड, लांब. "डुंक… डुंक… डुंक…" मग तिचा हात हवेत थांबला. दुकानात सगळे थांबले. "…डुंक. एक ठोका गाळून. बाबांच्या इंजिनाला ती खोड होती, कधी दुरुस्त झाली नाही. ती टाइस्ता होती, गाढवा. ती घरी आली होती."